पोटानं काय घोडं मारलं होतं?

...अन् पोटानं काय घोडं मारलं होतं, मले सांगा! गाठ फुप्फुसात, फोटो छातीचा काढला, सुई छातीत खुपसली, गोळी देल्ली ती बी छातीच्याच नावानं, अन् तांब्या घेऊन धावायचं कोणी? बनाबाईनं! अवो, दोन पायऱ्या चढायच्या म्हटलं तं गुडघे धरणारी बाई, गोळी सुरू झाली अन् अशी पळे, अशी पळे, का अंगणातल्या कोंबड्या वाट सोडून बाजूले होत!

बनाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या सहदेवभाऊची बायको. उभी जिंदगी कपाशीत गेली. खोकला हटेना म्हणून अकोल्याले नेलं, तं निघाला कॅन्सर. झालं! पाहायले येणारी बाई दारातूनच इचारे, "काऊन वो बनाबाई, बिडी ओढत होती का?"

"हाव ना! फुरसतच फुरसत होती मले," बनाबाई म्हणे. "पहाटे चूल फुकायची, दिवसा फवारणीचं पाणी वाहायचं, रिकामे पंप धुवायचे. बिडी ओढायले टाइम कोणी देल्ला वो?"

अन् खरे बिडी ओढणारे तिथंच ओट्यावर बसून, धूर सोडत मान हलवत, "नशीब बाई, नशीब!"

डॉक्टर तरणा, हसऱ्या तोंडाचा. म्हणे कसं, "आजी, घाबरू नका. ही साधी किमो नाही. ही गोळी नेमकी गाठीवरच काम करते, बाकी शरीराला त्रास कमी." आता हे भाषण बनाबाईनं पयले कुठं तरी ऐकेल होतं. कुठं? अवो, कृषी केंद्रात! बीटी कपाशी नवीनच आली तवा भगवानराव दुकानदार असाच बोटं नाचवत सांगे, "बनाबाई, हे बियाणं फक्त बोंडअळीलेच धरते. बाकी कोणाले धक्का नाही!" धक्का नाही म्हणता म्हणता मागून तुडतुडे आले, मावा आला, पानं लाल झाली, अन् पंप जो पाठीवर चढला तो उतरलाच नाही! तरी बाईनं गोळी घेतली. गाठीचं काय झालं ते गाठीलेच माहीत, पण पोट? वरण खाल्लं, पाणी! भाकर खाल्ली, पाणी! पाणी पेलं, तरी पाणी! आता त्या पोटानं काय घोडं मारलं होतं?

बरं, जायचं कुठं? पंचायतीनं संडास बांधून देल्ला होता, नाही असं नाही. पण त्याच्यात चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या भरेल, थेट छतालोक! पहिल्या दिवशी बनाबाई तांब्या घेऊन उभी, सहदेवभाऊ पऱ्हाट्या उपसून राह्यला, "थांब वो जरा, थांब!"

"मी थांबते हो! आतलं थांबते का ते इचारा!"

मंग सुरू झाले पाहुणे. आपल्याकडं आजाऱ्याले पाहायले रिकाम्या हातानं येत नाहीत, अन् आणलेलं आजाऱ्यानं डोळ्यासमोर खाल्ल्याबिगर उठत बी नाहीत! खैरुन्निसाभाभी वाटी घेऊन आली, "बनाबाई, अनार का छिलका उकालके लाई, पियो, एकदम बंद!" सिंधूताई म्हणे बेलाचा मुरब्बा, कोणी म्हणे दह्यात इसबगोल. चमचा तोंडात नाही गेला तं साऱ्या डोळे लावून, "आला का गुण? आला का?" गुण यायच्या आत बाई मागच्या दारानं पसार! अन् भाभी सिंधूताईले म्हणते कशी, "देखा? तुम्हारा मुरब्बा."

हे सारं बी तिनं झेललं असतं. पण नातीचं, दीपमालाचं लग्न जमलं. पोरीनं गळ्यात हात टाकून सांगितलं, "आजी, तू समोर बसशीन तरच मी हार घालीन." लग्न विहारात, अन् बनाबाईच्या घरच्या बाया लग्नाले नेसतात पांढरं. पांढरं लुगडं! आलं का ध्यानात? बनाबाई त्या घडी केलेल्या लुगड्याकडं अशी पाहे, जसं काही त्याच्यात साप निजेल हाय.

एका सकाळी म्हणे, "लग्न होईलोक गोळी बंद."

सहदेवभाऊ हादरला. "अवं, गाठ वाढली तं?"

"गाठ छातीत हाय, कोणाले दिसत नाही. लुगडं दिसते!"

त्यानं हातापाया पडून तिले अकोल्याच्या गाडीत बसवलं. डॉक्टरले इचार अन् मंग बंद कर म्हणे. बाळापूर यायच्या आत गाडी थांबवा लागली, एकदा नाही, घडीघडी. कंडक्टर खेकसला, "मावशे, ही यष्टी हाय, तुमची बैलगाडी नाही!"

"बैलगाडी असती तं बरं होतं," पदर सावरत वर चढता चढता बनाबाई म्हणे, "बैल तरी समजून घेतात!"

डॉक्टरनं नवा फोटो काढून उजेडाले धरला अन् खुर्चीतून उठलाच. "आजी! गाठ अर्ध्यावर आली! गोळी मस्त लागू पडली."

"पडली ना? मंग आता बंद करते. पांढरं लुगडं नेसायचं हाय."

डॉक्टरले गाठीचा अन् लुगड्याचा संबंध लागेना. मंग सहदेवभाऊनं फरशीकडं पाहून, अडखळत अडखळत सारं सांगितलं. डॉक्टर म्हणे, "अहो, पण मोठ्या गोळीसोबत मी छोटी पुडी दिली होती ना? जुलाब लागले की घ्यायची? कुठे आहे ती?"

"आढ्यात."

"आढ्यात?"

"मंग! लहान पाकीट अजून कुठं राह्यते?"

आता त्या लेकराले काय माहीत! बीटी बियाण्याच्या मोठ्या थैलीत एक लहान पाकीट येते, साध्या कपाशीचं. वावराच्या कडेनं लावा म्हणे, अळीले तेवढं सोडा, म्हणजे ती बीटीले सरावत नाही. लावते कोण? भगवानराव सोताच सांगे, "फेका वो ते, फालतू हाय!" कोणी वावराच्या धुऱ्यावर फेके, कोणी उकिरड्यावर. बनाबाई नेटकी बाई, ती आढ्याले खोसे. दरसालच्या पाकिटांची रांग लागेल, त्या रांगेत डॉक्टरची पुडी बी जाऊन बसली! मोठ्या पाकिटासोबत फुकट आलेलं लहान पाकीट साऱ्या गावात कोणी कधी उघडलं नाही, तं हिनंच काऊन उघडावं?

डॉक्टरनं कपाळाले हात लावला. "आजी, मोठी गोळी मनानं बंद केली तर गाठ परत वाढेल. छोटी घ्या, पण मोठी सोडू नका."

बनाबाईचं तोंड पहिल्यांदा उतरलं. "हाव," हळूच म्हणे, "आमची बोंडअळी बी अशीच परत आली होती. गुलाबी होऊन."

घरी आल्याबरोबर सहदेवभाऊ शिडीवर! पुडी उतरली, लहान गोळी पोटात गेली. बंद झालं म्हणता? नाही हो, वाटणी झाली. सकाळ पोटाची, दुपार बनाबाईची. लग्न दुपारचंच धरलं! बाई पांढरं लुगडं नेसून अगदी समोर बसली, बाजूले सहदेवभाऊ, त्याच्या खुर्चीखाली तांब्या, तांब्यावर त्याची टोपी. पोरीनं हार घालायच्या आधी आजीकडं पाहिलं, आजीनं मान हलवली, घाल! त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार पडले, अन् लुगडं? बगळ्यासारखं! सहदेवभाऊचे डोळे भरून आले. लोकाले वाटलं, नातीसाठी रडून राह्यला.

मंग पेरणीले बनाबाईनं नियमच केला. लहान पाकीट बी लावायचं! सोता धुऱ्यावर बसून सहदेवभाऊकडून वावराच्या चारी कडेनं साधी कपाशी टोबवून घेतली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तं काय, मधातलं सारं शाबूत, अन् कडेच्या ओळी रानडुकरांनी उकरून साफ! बी ठेवलं नाही एक!

सहदेवभाऊनं डुकराच्या सात पिढ्या काढल्या. बनाबाई तांब्या बाजूले ठेवून धुऱ्यावर टेकली अन् म्हणे,

"जाऊ द्या हो. कोणाच्या तरी पोटात काही टिकून राह्यलं!"