शेंदराखालचा आकडा

— नाही नाही, पुसू नका भाऊ, हात लावू नका, ग्रीस नाही ते, शेंदूर आहे. तुमचे हातमोजे पांढरेशुभ्र आहेत, सोवळ्याचेच म्हणा, पण लावलेला शेंदूर परक्यानं काढू नये. मीच खोबरेल आणते अन् माझ्या हातानं काढते. बसा तोवर. आमचे हे कचोरी आणायले गेले. मुकुटबनचा स्टँड काही दूर नाही, पण वाटेत जो भेटंल त्याले सांगत येतील — नागपूरचा तज्ज्ञ माणूस घरी आला आहे, आपल्या गाडीचा नंबर वाचायले. सांगू द्या. इतकी वर्षं गाव ह्यायले हसलं. नानाजीच्या गाडीपरीस नानाजीची म्हैस बरी, म्हणत, हाकललं तर उठते तरी. आज ह्यायचा दिवस आहे.

मघाशी तुम्ही ह्यायले समजावून सांगून राह्यले होते ना, ते मी आत भगर निवडता निवडता सारं ऐकलं. मले तर लई आवडलं बा. म्हणजे गाडीलेही कूळ असते. पहिले आकडे घराण्याचे. मंग एक आकडा स्टेअरिंगचा — एक असला तर डावीकडे, दोन असला तर उजवीकडे. त्याच्या बाजूचा गिअरचा. अन् शेवटचे आकडे म्हणजे त्या कारखान्याच्या पोटचं कितवं लेकरू. ही तर पत्रिकाच झाली जी. आमचे गुरुजीही अशीच वाचतात, चष्मा नाकावर घेऊन, फक्त ते आधी दक्षिणा ठेवायले लावतात अन् मंग मंगळ काढतात. तुमचं तसं नाही. लोखंड खोटं बोलत नाही, म्हणाले तुम्ही. कागद बदलते, रंग बदलते, गाद्या बदलतात, पण बॉनेटखाली ठोकलेला नंबर जसाच्या तसा — तो कारखान्याच्या कागदाशी जुळला तर राजाघरची गाडी, नाही जुळला तर भंगार. असंच म्हणाले ना? ह्यायचे डोळे कसे लकाकले, पाह्यलं ना तुम्ही?

गाडी आली कशी? आता ते काय सांगावं. वणीकडं एक कापसाचं जिनिंग बंद पडलं, शेठचं सामान निघालं. हे गेलते मोठा तराजू आणायले अन् आले ही गाडी घेऊन, बैलजोडी जुपून. शेठच्या आधी म्हणे कोण्या राजाची होती. कोणता राजा, ते शेठलेही सांगता येईना. माझं नवं लग्न. ह्यायनं मले मागच्या गादीवर बसवलं, दार लावलं, अन् काचेतून वाकून म्हणाले, "याच गाडीत तुले केळापूरच्या जगदंबेले नेतो." आता नवऱ्यानं असं म्हटल्यावर शहाण्या बाईनं हसावं अन् चहा ठेवायले उठावं. मी पडली व्रतवैकल्याची. तिथंच गादीवर हात जोडले — आई, याच गाडीत बसून येईन अन् तुझी ओटी भरीन, त्याबिगर तुझी पायरी चढणार नाही. बोलून बसली. अन् गाडी काही त्या दिवसापासून चालू झाली नाही जी.

मंग काय, राह्यलंच. नवरात्रात सारं गाव ट्रॅक्टरनं जाते, मी फाटकापाशी उभी राहून त्यायच्यापाशी नारळ देते. लेक सुरभी झाली, तिले आईच्या पायावर घालायले दुसऱ्याच बायका घेऊन गेल्या. तिचं लग्न झालं, नवी जोडी पाया पडून आली, मले प्रसाद आणला. विमलताई — माझी नणंद — म्हणते, "वहिनी, बसनं जाऊन ये ना. देवी काय आरटीओ आहे का, कोणत्या गाडीनं आली ते पाह्यले?" तिचं चुकते असं नाही म्हणत मी. पण घेतला वसा टाकता येत नाही. अन् आज तुम्ही ती सपाट पाठीची लांब गाडी सोबतच आणली, निंबाखाली उभी आहे. म्हणजे नंबर जुळला का तुम्ही विकत घेणार, आमची गाडी तिच्या पाठीवर चढंल अन् नागपूरले जाईल, अन् माझा नवस राहील इथंच, गोठ्यात. त्याचंच मले बोलायचं होतं तुमच्यापाशी, हे यायच्या आत. पण आधी तुमचं काम होऊ द्या.

सरका जरासे. दर दसऱ्याले एक थर, मारुतीच्या अंगावर नसंल एवढा शेंदूर इथं आहे. तुम्ही हसता, पण ज्या आकड्यापुढं तुमच्यासारखा माणूस गुडघे टेकून, वाकून, श्वास धरून बसते, त्याले मी देव समजली तर काय चुकलं? — हे पाहा, निघाला. वाचा. हं. हं. जुळते ना? आकड्याशी धरा तो कागद. पुढं… काहून थांबले? भिंग कायले काढता? तीन आहे तो जी. आपला मराठी तीन.

असे काय पाहून राह्यले माझ्याकडं? लालसिंगनं केला. तांड्यावरचा लालसिंग, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवते तो, हात लई साफ त्याचा. झालं असं, विमलताईनं मोबाईलवर एका बाबाचं पाह्यलं — नंबराची बेरीज आठ आली तर शनी, अन् शनी बसला का गाडी जागची हलत नाही. मी इथं चिमणी घेऊन बेरीज केली, तर आठच की. एकानं घोडं अडलेलं. आठाचे नऊ झाले का देवीचा आकडा. हे वावरात गेलते. लालसिंगनं पाह्यलं अन् म्हणे, "भाभी, इंग्रजी दोन अन् आपला दोन सख्खे भाऊच. पोटाखाली आणखी एक पोट देतो, शेपूट ओढतो, झाला तीन." नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, अन् त्यानं छिन्नीनं असा सुबक तीन काढला का लग्नपत्रिकेवर छापावा. अन् गुण आला ना. शेवटचा घाव बसला अन् गाडी चालली. खरंच सांगते. चाकामागचा दगड सरकला अन् थेट उकिरड्यापर्यंत गेली. लालसिंग म्हणे उतार आहे भाभी. उतार तर आधीपासूनच होता, मंग आधी काहून नाही गेली?

काय म्हणता, स्टेअरिंगचाच आकडा होता तो? हो का. म्हणजे एक डावीकडे, दोन उजवीकडे, अन् तीन… तीन म्हणजे मधात? अशी गाडी बनतच नाही? अन् बनली तरी मराठीत नंबर नसते टाकत, ते समजलं मले. कागदावर दोनच आहे, हो, कागदावर छिन्नी कुठून चालंल.

बाकीचे?

सारेच जुळले? घराणं, गिअर, ते शेवटचं लेकरू — सारंच? म्हणजे राजाघरची ते खरं होतं. ह्यायचं खरं होतं. मले तर इतकी वर्षं वाटे, हे आपले बोलतात. बायकोनं नवऱ्याच्या थापा सांभाळून घ्याव्या म्हणून मी मान हलवत होती जी. ती थाप नव्हतीच.

पेटी काहून बंद करता? आता नंबर खोडलेली गाडी राजाघरची म्हणून कोणी घेत नाही, बरोबर. माझ्या हातून काही बिघडलं असंल तर… सुटे भाग? म्हणजे दिवे, दारं, काचा, त्यासाठी नेता? तिथं खोलणार तिले. सुटे तर सुटे. सुटणं म्हणजे मुक्तीच की, आणखी काय मागावं?

मंग आता माझं ऐका. मी नवसात काय म्हटलं होतं — याच गाडीत बसून येईन. चालू गाडीत, असं मी म्हटलंच नाही. तुम्ही शब्दाशब्दाचा अर्थ काढणारे, तुम्हीच पाहा. तुम्ही पांढरकवड्यावरूनच जाल, केळापूर तिथंच आहे. मले मागच्या गादीवर बसू द्या अन् गाडी वर चढवा, रथासारखी. पायरीपाशी उतरवा. येताना मी बसनं येईन, येतानाचा नवस नाही. ओटीचं ताट हे काय, घेऊनच बसली आहे, खण दरवर्षी नवा ठेवते मी.

ते पाहा, हे आलेच. हातात पुडा, अन् चाल पाहा कशी, जसं गावानं फेटा बांधला. आता आल्या आल्या विचारतील, काय निघाला नंबर? तर ते तुम्हीच सांगा भाऊ. तुमची सांगायची पद्धत चांगली आहे, लोखंड खोटं बोलत नाही वगैरे. मले नाही सांगता यायचं. नवस फेडायले निघालेल्या बाईनं देवीची पायरी लागेपर्यंत तोंड उघडू नये, मौन असते. केव्हापासून म्हणता? गादीवर बसल्यापासून.

ही बसली मी. दार लावा.