करडं चाक

ती : बटण दाबू नका. आधी माझ्याकडे बघा.

तो : काय गं? हातात पटाशी आहे, दिसत नाही का? आठवडाभर रॉकेलमध्ये भिजवून गंज उतरवलाय. आता नुसती धार लावायची राहिली.

ती : दारातून केव्हाची हाका मारतेय.

तो : कामात होतो.

ती : मशीन तर बंद होतं.

तो : माणूस कधी विचारातही असतो.

ती : हे धारेचं चाक कुठलं? आपलं पांढरं होतं.

तो : भंगारात त्या सुताराची जुनी पेटी घेतली ना, तिच्यात निघालं. रंधे, पटाश्या, करवती, सगळ्यांच्या तळाशी होतं. पुसलं नि बसवलं. चांगलं आहे की.

ती : वाजवून बघितलंत?

तो : मला विचारतेस? कारखान्यात जन्म गेला माझा. बोटात अडकवायचं, लाकडानं हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा, फिरताना फुटणार. हे खणखणीत वाजलंय.

ती : माझ्यासमोर वाजवा.

तो : आता परत नट काढू? एवढी धार होऊ दे, मग दाखवतो.

ती : आत्ता. प्लग काढलाय मी.

तो : काय हट्टी बाई आहे.

(तो चाक उतरवून बोटात अडकवतो आणि रंध्याच्या लाकडी मुठीनं ठोकतो.)

तो : ऐकलंस?

ती : परत ठोका.

तो : घे. आणि हे घे.

ती : अहो, बद्द वाजतंय. फुटक्या कुंडीसारखं.

तो : काहीतरीच. तुला काय कळतंय त्यातलं? माझ्या हाताला बरोबर कळतं.

ती : हाताला? आणि कानाला?

तो : कानाचं काय मध्येच?

ती : कुकर जळून कोळसा झाला, तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतात. परवा त्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. तो हॉर्न सगळ्या गल्लीनं ऐकला. मी गप्प बसले.

तो : पोराला सांगितलंस?

ती : नाही.

तो : सांगू नकोस. तो या खोलीला कुलूप घालेल. मग दिवसभर करू काय मी? भिंतींकडे बघत बसू? मला त्याचीच भीती वाटते गं.

ती : आणि मला कशाची वाटते, ते विचारा. मशीनचा आवाज थांबला की माझा जीव खालीवर होतो. काम संपलं म्हणून थांबला, की आणखी कशानं, ते दार उघडेपर्यंत कळत नाही. कारखान्यातल्या तुमच्या त्या जोडीदाराचा डोळा गेला, त्या दिवशी घरी येऊन जेवला नव्हतात तुम्ही.

तो : त्यानं चाक वाजवलंच नव्हतं. मी निदान वाजवलं.

ती : वाजवलंत. ऐकलं नाहीत.

तो : …सकाळी मोठी पटाशी याच चाकावर धारेला लावली मी.

ती : सकाळी?

तो : तू चहा घेऊन आलीस ना, तेव्हा चालूच होतं. कुठं उभी होतीस तू?

ती : इथंच. खिडकीपाशी.

तो : म्हणजे चाकाच्या समोर.

ती : हो. कप रिकामा होईपर्यंत. ते फिरत होतं, रंगाकडे कुठं बघितलं मी?

तो : थांब, मला बसू दे.

ती : काही झालं नाही ना? पाणी देऊ?

तो : नको. तू जाऊ नकोस कुठं. एवढासा तुकडा उडाला असता तरी… आणि मी तुला चहा गार झाला म्हणून बोललो.

ती : ते चाक फोडून टाका आधी.

तो : तो मोठा हातोडा दे इकडे. आणि फोन लाव पोराला. कान तपासायला ने म्हणून मीच सांगतो.

ती : त्यानं कुलूप घातलं तर?

तो : घालू दे. नाही घातलं, तर नवं चाक आणू. पण ते तू वाजवायचंस. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन.