स्पिरिटमधल्या माशाचा मालक

बंद पडलेलं घड्याळ. एक सुजलेला गाल. आणि गप्पांमध्ये स्पिरिटच्या बाटलीतला मासा. दातांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर संग्रहालयातून निवृत्त झालेले आजोबा, शेजारी आजी.

"अगं, ती संशोधक पोरगी म्हणते, हा मासा आपल्या खाडीत सगळे समजतात त्याच्या तीस वर्षं आधीच पोचला होता. पुरावा काय, तर संग्रहालयातली माझी बाटली! लेखात माझं नाव घालतेय."

"तुम्ही पकडला होता वाटतं?"

"बाटलीवरच्या चिठ्ठीत तसंच लिहिलंय."

"होडीत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या तुम्हाला. माझ्या ओट्यावरून उचललात तो."

"हळू बोल!"

"पोटावर माझ्या सुरीची चीर आहे."

"तिनं विचारलं त्याबद्दल. मी म्हटलं, शास्त्रीय पद्धत."

"कसं सुचतं हो तुम्हाला!"

"पण तो खाडीतलाच होता ना? नाहीतर सगळंच मुसळ केरात."

"खाडीतलाच. जाळं ओढलं तेव्हा मी काठावर उभी होते. नेमकी जागा दाखवेन."

"मग दाखव की!"

"तिलाच दाखवेन. नाव कुणाचं घालायचं, तेही सांगेन."

"अगं, निदान दोघांचं..."

"आधी माझं."

मला आत बोलावेपर्यंत एवढंही ऐकू आलं: जाळं ओढलं त्या दिवशी आजीनं तसले दोन मासे आणले होते. दुसरा दोघांनी मिळून खाल्ला.