आमच्या अंगणातला पोलीस

हॅलो?… हो हो, मीच गं दीदी, ब्रिटनी. पप्पांचा फोन माझ्याकडे आहे… संपला. आत्ताच संपला आपल्या अंगणातला पिक्चर… थिएटरच्या बाहेर, पार्किंगमध्ये. बाकीचे येतायत मागून, मी धावत पुढे आले…

ते सांगते ना… अगं ऐक ना! एकदम शेवट नको विचारूस…

रोवेनादीदी, आधी श्वास घे. घेतलास?… चांगलं झालंय. सगळं चांगलं झालंय. आता गप्प बस आणि मला पहिल्यापासून सांगू दे…

नाही, पहिल्यापासूनच! एवढी मजा मी एका वाक्यात संपवू?

तर गेटवरच पोलिसांची गाडी. खरे पोलीस, वर्दीतले… तो मोर्चा येणार होता ना, पिक्चर बंद पाडायला?… छे गं. चार-पाच जणं. ऊन लागलं तसे रसवंतीवर जाऊन बसले. कोर्टाने परवानगी दिलीय म्हटल्यावर काय करणार.

मग आले तुझे सासरे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री, आणि चेहरा असा, की आम्ही सगळे सहामाहीला नापास झालोय…

हो, 'सासरे' म्हटलं. मुद्दामच म्हटलं. थांब की जरा!

पप्पांनी हात पुढे केला, तर अंकलनी छत्री ह्या काखेतून त्या काखेत घेतली. म्हणतात, 'मार्सेल, ट्रेलरमध्ये दिसलं तेच आत असेल, तर साखरपुडा नाही. मी फक्त ह्या मुलीने बोलावलं म्हणून गासहून आलोय.' ही मुलगी म्हणजे मी!…

हो, मीच केलेला फोन. सोमवारी… पप्पांना कशाला सांगू? ते नको म्हणाले असते… म्हटलं, 'आलोशियस अंकल, तुम्ही शाळेत इतकी वर्षं पेपर तपासलेत. पहिलंच पान बघून कोणाला नापास केलंय का?'… आईशप्पथ, अस्संच म्हटलं! मला वाटलं, संपलं, दीदीच्या लग्नावर मीच माती टाकली. मग म्हणतात, 'कुठला शो आहे?'

मला स्वतःलाच खरं वाटत नाही गं. मागच्या वर्षापर्यंत दारात कोणी आलं की मी न्हाणीत लपायचे…

हो हो, येते पिक्चरवर.

हीरो पोलीस असतो, पण ते कोणालाच माहीत नसतं. ड्रायव्हर बनून ड्रग्जवाल्यांच्या टोळीत घुसलेला, भाजीचा टेम्पो चालवतो. त्यांना संशय येऊ नये म्हणून स्वतःसुद्धा ड्रग्ज घेतो. त्यावरूनच तर सगळा वाद. आणि शिव्या? बापरे! प्रत्येक शिवीला तुझी सासू, ॲंजेला आंटी, खोकायची, अंकलना ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी तिला खरंच ठसका लागला. तुझा फ्लॉईड पाण्याची बाटली घेऊन बसलेला…

तो? तो पिक्चर कुठे बघत होता. तो त्याच्या पप्पांचं तोंड बघत होता. बिचारा. आवडला मला.

आता ऐक, पाकिटांचं. ट्रेलरमध्ये कसं होतं, आपलं अंगण, आपला क्रूस, मम्मी डोळे मिटून रोझरी म्हणतेय, आणि लगेच केळीच्या पानांखाली ड्रग्जची पाकिटं. बरोबर? म्हणजे कोणालाही वाटणार, पुढे प्रार्थना आणि मागे धंदा… अगं, ती पाकिटं आपल्याकडची नाहीतच! वालीवला आहेत! गोडाऊन, निळं शटर, बाजूला मशीनचा खडखडाट. पानं पण हीरोच्याच टेम्पोतली. ट्रेलरवाल्यांनी तो तुकडा उचलून आपल्या अंगणाला चिकटवलाय!

पप्पांनी माझा हात इतक्या जोरात दाबला, अजून लाल आहे… अंकल? अंकल म्हणाले, 'हूं.' बस. हूं.

मला वाटलं सुटलो. पण इंटरव्हलमध्ये ते पप्पांकडे वळले. 'पाकिटांचं ठीक आहे, मार्सेल. पण क्रूसापुढे उभं राहून कॅमेऱ्यासाठी प्रार्थनेचं नाटक केलंत ना? ते कसं गिळू मी?'

पप्पा नुसता समोसा धरून उभे… मी? मी तोंड उघडलेलं, पण पप्पांनी डोळ्यांनी गप्प केलं. दीदी, तेव्हा ना, तुझं तोंडच समोर आलं…

रडू नकोस, पुढे ऐक.

इंटरव्हलनंतर टोळीला कळतं, की ड्रायव्हर पोलीस आहे. तो पळत पळत सांडोरमध्ये येतो, आपल्या अंगणात घुसतो आणि गर्दीत मेणबत्ती धरून उभा राहतो. मागोमाग गुंड. आणि लितानी चालू, मम्मी एकेक विनवणी म्हणतेय आणि सगळे उत्तर देतायत.

तुला आठवतं ना शूटिंगच्या दिवशी काय झालेलं?… तेच! तो डायरेक्टर 'कट, कट' ओरडत होता आणि कोणी थांबेचना. त्याला वाटलेलं, दोन ओळी म्हणतील आणि गप्प बसतील. लितानी अशी अर्ध्यात कोण सोडतं? गर्दीत उभा केलेला रामू केळीवाला तेवढा थांबला होता, तर मम्मीने डोळे वटारले त्याच्यावर. शेवटी सगळं युनिट हात बांधून उभं, आणि संपल्यावर गुंडांपासून लाइटवाल्यांपर्यंत सगळ्यांना उकडलेले चणे…

अगं ते ठेवलंय! सगळंच्या सगळं! कापलंच नाही. गुंड बंदुका घेऊन उभे, आणि लितानी संपेपर्यंत कोणाला काही करता येत नाही. आणि मग…

मम्मी जवळ आहे का?… तर स्पीकर बंद कर… बरं, मग असू दे. मम्मी, ऐक तू पण.

तो मोठा गुंड नाही का, दाढीवाला, तो मम्मीच्या बाजूलाच उभा असतो. डोक्यावर टोपी. आणि मम्मी लितानी न थांबवता, डोळेसुद्धा न उघडता, हात वर करून त्याची टोपी काढते आणि त्याच्याच हातात देते!… हो मम्मी, आलंय पिक्चरमध्ये! मोठ्या पडद्यावर!… अगं तुला कळलंच नसेल, प्रार्थनेत टोपी दिसली की तू कोणाचीही काढतेस. शेजारच्या रॉकीची नाही का काढत दर रविवारी? आणि त्या गुंडाला कळेना ॲक्टिंग करू की काय करू, तो गपचूप मान खाली घालून उभा. पूर्ण थिएटर हसलं. शिट्ट्या!

आणि आलोशियस अंकल… दीदी, ते हसले. आवाज करून हसले. म्हणाले, 'हे नाटक नाही. ही रिटा आहे.'

मग काय झालं माहितेय? पडद्यावर लितानी चालूच होती, आणि अंकल हळूच उत्तर द्यायला लागले. सवयीने गं. मग ॲंजेला आंटी. मग मागची रांग. मीपण! पुढे एक पोरगा वेफर्स खात होता, तो वळून बघतो, ह्यांना झालं तरी काय…

पुढे? पुढे हीरोला गोळी लागते, पण वाचतो. ते कोण बघतंय!

आता बाहेर येताना अंकल पप्पांना म्हणाले… थांब, नीट सांगते. आधी म्हणाले, 'पिक्चर भिकार आहे.' मग म्हणाले, 'शिव्यांची काही गरज नव्हती.' मग छत्री फ्लॉईडकडे दिली आणि पप्पांचा हात धरला. म्हणाले, 'मार्सेल, तारीख तीच राहू दे.'

हॅलो?… दीदी?… हॅलो, आहेस ना?…

अगं बोल की काहीतरी!… मम्मी, ती रडतेय का?… तू पण?

बरं, ऐका, ऐका दोघी. आले सगळे… हो पप्पा, दीदीच आहे… काय?… आत्ता?… हो, सांगते.

दीदी, अंकल घरी येतायत. सगळे. आत्ता लगेच. म्हणतात, ज्या अंगणात रिटाने टोपी काढली, तिथे बसून चहा प्यायचाय…

मग बदल ना तो गाऊन! मला काय विचारतेस?… केसांना तेल लावलंयस? आजच?… असू दे, फ्लॉईडला सांगते, डोळे मिटून ये… हो अंकल, आले!… दीदी, गाडी सुरू झाली. रड, पाहिजे तेवढं रड. पण आधी चहा टाक आणि मग रड. ठेवते!