जादची कोवळी जुडी

गुरुवारचा रोजा धरून उबाह हर्गेसा शहरातल्या दवाखान्यात तसबीहचे मणी ओढत बसली होती. शेजारच्या बाकावर एक तरुणी आणि गुडघा चोळणारी एक म्हातारी बोलत होत्या.

"कुणाला आणलंयस गं?"

"भावाला. नशेसाठी जादचा पाला चघळून चार दिवस डोळ्याला डोळा नाही. भिंतीतून माणसं बोलतात म्हणतो."

"या अल्ला! वय काय?"

"एकोणीस. मावशी, पुलाजवळ पाला विकता त्या तुम्हीच ना? तुमच्याकडे येतो तो लीबान माझा भाऊ."

"आमचा लीबान? अगं, दुपारी पाल्याची गाडी आली की पहिला हजर! 'आई, कोवळी जुडी बाजूला ठेव,' म्हणतो."

"आता आला तर देऊ नका."

"मी नाही दिली तर शेजारीण देईल."

"तिलाही जाऊन सांगेन. पण तो आधी तुमच्याकडेच येणार. हाकलून द्या त्याला."

"मला पोरबाळ नाही गं. हाकललं, तर पुन्हा आई म्हणेल तो?"

"नाही म्हणणार."

उबाहची तसबीह थांबली होती. कितवा मणी, तेही तिला आठवेना.

"बरं," म्हातारी म्हणाली. "हाकलते."