पोर्चातला लाल बल्ब

— न्हाय न्हाय, शिडी नगा मागवू, आदी बसा. बल्ब कुटं पळून जातुय व्हय? आन् जरा मोठ्यानं बोला ताई, मला कमी ऐकू येतं — अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चौतीस वर्सं जॉबर हुतो, माग दुरुस्त करायचो, मागांच्या खडखडाटात कान गेले. हां, आता आलं. आठवडा संपला म्हंता. दवाखान्याचे बल्ब गोळा करायचे, दुसऱ्या गल्लीत लावायचे. बरूबर हाय की. समद्यांनी दिले, माझाच ऱ्हायला, व्हय ना? काल तुमी आला तवा मी आतच हुतो. खोटं कशाला बोलू. बेल वाजली, ती ऐकू बी आली. दार उघडलं न्हाय.

फॉर्म काढलाय तर ल्हिवा. नाव धुळाप्पा. वय सदुसष्ट. घरात माणसं किती? एक. एकच ल्हिवा. पोरगा हाय, अभिमन्यू, पर तो पुण्यात, फोनवर दिसतो. परवा त्यानं बल्ब बघितला, म्हणाला आण्णा, घराला काय लायटिंग केलंय. म्हटलं, न्हाय रे, ह्यो हृदयासाठी हाय — समद्या गल्लीनं दारात लाल दिवा लावायचा, येणारा-जाणारा इचारतो हे काय, मग आपण सांगायचं की बाबा, छातीत दुखलं, दम लागला, तर अंगावर काढू नगंस. बरं हाय म्हणाला. तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला.

पर ताई, माणसं खरंच इचारत्यात हो. आदी दीड वर्स ह्या पोर्चात दिवाच न्हवता. जुना गेला, मी बदललाच न्हाय, कुणासाठी बदलायचा? तुमचा लाल लावला आन् खुर्ची टाकून बसलो. दूधवाला थांबला. समोरचे मास्तर चार वर्सांत पयल्यांदा फाटकाच्या आत आले. आन् घट बसले तवा तर लई गंमत झाली — दोन बाया ताट घिऊन आल्या, काका, हितं देवी बसवलीय का म्हणून. मला न्हाय म्हणवंना. आत घेतलं. आत काय हाय, भिंतीवर मथुराचा फोटो, आमच्या मंडळीचा. बायांनी त्यालाच हळद-कुकू लावलं, खडीसाखर ठिवली. मी चा केला. हृदयाचं सांगायचं ऱ्हायलंच. अर्धा तास बसल्या, घरात बांगड्या वाजल्या — तो आवाज मला बरा ऐकू येतो बगा. आता परवापासनं गल्ली परत पांढरी झाली, माणसं आत गेली टीव्हीम्होरं. माझ्याच दारात कोण ना कोण थांबतं, काका, तुमचा अजून लालच व्हय, इचारतं. दिवसाला तेवढं एक वाक्य मिळतं. म्हणून ठिवला. दुसरं काय न्हाय.

आता काय इचारलं? घरात कुणाला हृदयाचा आजार हुता का? हुता. मथुराला. म्हंजी मागनं कळला, डॉक्टर म्हणले अटॅक. छातीत दुखलं का? न्हाय, छातीत न्हाय दुखलं. तुमच्या कागदावर समदं छातीचंच हाय. हिची दाढ दुखत हुती. ल्हिवा की, दाढ — का थांबला?

आमचं हातानं बोलणं असायचं ताई. कारखान्यात तोंडानं बोलून उपेग न्हाय, हातवारे करायचे, तीच सवय घरात लागली, तिला बी लागली. तिनं असा जबड्याला हात लावला. मी अशी चिमूट दाखवली — लवंग धर. दुपारचे तीन वाजले असतील. घामानं डबडबली हुती, पर मे म्हयना, सोलापूरचं ऊन, घाम कुणाला येत न्हाय? डब्यातली लवंग मीच काढून दिली आन् गेलो. कुटं जाणार, कारखान्याच्या गेटवर, चा प्यायला. रिटायर झालो तरी रोज जायचो, चार तोंडं ओळखीची भेटत्यात. सातला परत आलो तर पोर्चात अंधार. रोज दिवा तीच लावायची, वळणावरनंच दिसायचा. त्या दिवशी न्हवता. मग मी काय केलं असंल? काळजी केली? न्हाय ओ. सायकल हितं लावली आन् बाहेरनंच वरडलो, दिवा लावायला हात मोडलं का तुझं, म्हणून. असं म्हटलं, आन् आत ती कवाच गेली हुती. शेजारच्यांनी ऐकलं असंल. कमी ऐकू येतं म्हणून मी लई मोठ्यानं बोलतो.

काय म्हटलं? — कुठल्या बाजूची?

डाव्या. डाव्या बाजूची, खालची, हितली.

थांबा. ते नगा ल्हिवू.

तितं दाढ न्हवती ओ. काढलेली हुती. बार्शीला लग्नाला गेलो हुतो, तितं तिचा गाल सुजला, मीच दाताच्या डॉक्टरकडं नेलं, मीच बाहेर बाकड्यावर बसलो, कापसात गुंडाळलेली ती दाढ मीच बघितली. आठ वर्सं झाली. मोकळी जागा हुती तितं. त्या मोकळ्या जागेत तिनं लवंग धरली, मी दिली म्हणून. तिला बी ठावं हुतं, मला बी ठावं हुतं — पर माझी चा प्यायची येळ झाली हुती, मी तिच्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं न्हाय बघितलं. पोराला सांगितलं न्हाय हे. कुणालाच न्हाय. लाल दिव्याखाली बसून दुसऱ्यांना सांगतुय, दुखणं अंगावर काढू नका.

न्हाय, पाणी नगं. ल्हिवा. दाढ न्हवती, असंच ल्हिवा.

आन् शिडी ऱ्हाऊ द्या, खुर्चीवरनं माझा हात पोचतो. बटन बंद करा ते — हां. गरम हाय अजून, रुमालात धरा. ह्यो घ्या. रस्त्याकडच्या दारात लावा, माणसं थांबत्यात अशा. तिकडं कुणाची तरी दाढ दुखत असंल.

पांढरा? पांढरा न्हाय घरात. आणीन कवातरी. जावा तुमी ताई. पायरी बगून उतरा, अंधार हाय.