हयातीचा दाखला

अगं ठेव तो डबा, आधी ऐक – आत्ता काय झालं माहितीये? आत्ता म्हणजे आत्ता, वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील. नाही, बस तू, पायरीवर बस, ही उभ्याने ऐकायची गोष्ट नाहीये. आणि तुझ्या पार्लरचं दार लोटून घे जरा, ती आतली कान देऊन बसलीये. हा हात बघ माझा. बघ ना! या हाताने मी आत्ता एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होते, आणि तो स्क्रू गेला – कुठे गेला देव जाणे – म्हातारा एका काडीचा चष्मा लावून बाकावर बसलाय आणि मी मागच्या दाराने बाहेर. मालक बोंबलणार. बोंबलू दे. मला तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, आणि सांगितलं की मी मेले, ते पण कळतंय. तू कुणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे. नाही, आईची नको. आईची शपथ मी घेत नाही आता आणि कुणाला घालतही नाही.

काही नाही, असंच. पुढे ऐक.

तुला माझ्या गोळ्यांचं माहितीये. दोन प्रकारच्या – एक जुनं दाबायची, एक नवं आणायची, मी अशीच लक्षात ठेवते. दाबायची मी रोखीने घेते. आणायची जी आहे ना, ती महाग, आणि वर डॉक्टरची फी, आणि वर दर तीन महिन्यांनी रक्त तपासा – ते रक्त मी वर्षभर तपासलेलं नाहीये, ओरडू नकोस, सगळं मिळून माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा गेला असता. आणि विमा? मालकाला विचारलं होतं मी, अगदी हात जोडून. म्हणाला, ‘डोळे आपल्याकडे फुकट तपासू, बाकीचं शरीर तुझं तू बघ.’ मग तो विमेवाला यायचा ना आपल्याकडे, जाड भिंगांचा, त्याचा नंबर काढता काढता त्यालाच विचारलं. तो म्हणतो, ‘आजार आधीपासूनचा आहे का?’ मी म्हटलं, ‘आजार नाहीये हो.’ ‘मग औषध कशाला?’ म्हटलं, ‘बरं, आजार समजा.’ ‘मग कधीपासून?’ म्हटलं, ‘जन्मापासून.’ तर हसायला लागला – ‘अहो, मग आधीपासूनचाच झाला की, तो बसत नाही.’ म्हणजे बघ, आजार म्हटला तर जुना म्हणून नाही, आजार नाही म्हटला तर हौस म्हणून नाही. मी त्याला मुद्दाम डावा डोळा दोनदा तपासायला लावला.

मग मी कशी घेते? तेच तर. आईच्या कार्डावर.

आई सरकारी ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर होती, तीस वर्षं. ‘बोला, ऐकतेय’ – असं म्हणायची फोन उचलून, आणि तो आवाज असा की माणूस कुठला नंबर मागायला आलोय ते विसरायचा. तिला रिटायर झाल्यावरही कार्ड, दवाखाना फुकट, औषध फुकट. आणि माझ्यानंतर चार वर्षांनी तिची पिशवी काढलेली, तेव्हापासून तिला हीच गोळी. हीच गं! माझी जी आहे तीच. घरात, साखरेच्या डब्याशेजारच्या डब्यात, पट्ट्याच्या पट्ट्या. मी बाहेर दुकानादुकानात किंमत विचारत फिरतेय आणि घरात फळीवर ठेवलेलं आहे. मग मी चोरायला लागले. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड, मग – पण गंमत म्हणजे डबा रिकामाच व्हायचा नाही. मी म्हणायचे, आईचं लक्ष नाही, बरंय. जिने आयुष्यभर बोर्डावरचे दोनशे दिवे एका नजरेत सांभाळले त्या बाईचं लक्ष नाही! मी किती मूर्ख. मला कधी कळलं माहितीये? तिला ॲडमिट केलं तेव्हा. डॉक्टर तिला विचारतोय, ‘आजी, या गोळ्या रोज घेता ना?’ आणि ती माझ्याकडे बघून म्हणते, ‘रोज. एक चुकवत नाही.’ वर्षानुवर्षं तिच्या पोटात एक गेलेली नव्हती. सगळ्या माझ्या पोटात.

तेवढंच बोललो आम्ही त्या विषयावर. म्हणजे तेवढंच ती बोलली, तेही डॉक्टरशी. मी अशी राहायला लागल्यापासून मला तिने कधी धड मुलगाही म्हटलं नाही आणि मुलगीही नाही. ‘अरे’ म्हणायचं सोडलं, पण ‘अगं’ काही तोंडातून निघेना. मग ‘ए’. ‘ए, जेवण झालं का?’ ‘ए, उशीर होईल का?’ एका खोलीत दोन माणसं, आणि ती आपली वाक्यं अशी जपून टाकायची – जसा पाणी सांडलेल्या फरशीवर पाय टाकावा. आणि ॲडमिट केल्यावर चौथ्या दिवशी ती गेली तेव्हासुद्धा शेवटचं बोलली ते – ‘ए, पंखा कमी करायचा का?’

काय?

हो. गेली.

अगं हो, मावशीकडे गेलीये असं सांगितलं होतं मी तुला. सगळ्यांनाच सांगितलं. चार महिने झाले. स्मशानात चौघं होतो आम्ही – मी, मावशी, समोरचे काका आणि गाडीवाला. रडू नकोस, प्लीज, तू रडलीस तर मी सांगूच शकणार नाही. हो, तुझ्याकडे भुवया करायला आले होते ना मी त्या सोमवारी, ‘डोळे लाल का गं’ विचारलंस तू – तो सोमवार. मृत्यूचा दाखला काढलाय, कपाटात आहे, तिच्या बोर्डाच्या हेडफोनखाली. फक्त ऑफिसला नेऊन दिला नाही. कारण दिला की कार्ड बंद. कार्ड बंद की गोळी बंद. तिच्या पेन्शनला मी हात लावलेला नाही हं, खातं आहे तसं आहे, एक पै काढली असेल तर माझी जीभ झडो. फक्त गोळ्या. महिन्याच्या महिन्याला दवाखान्याच्या खिडकीवर जाते, ‘आईचं औषध’ म्हणते, ते शिक्का मारतात. आणि तिचा फोन चार्ज करून पर्समध्ये ठेवते, कारण औषध आलं की त्यावर कळवतात. मेलेल्या बाईचा फोन रोज चार्ज करायचा – कधी करून बघ. सकाळी त्याचा दिवा हिरवा झाला की मला वाटतं, उठली.

तर आज. म्हाताऱ्याचा चष्मा हातात, आणि पर्समध्ये तो वाजला. मला वाटलं खिडकीवालेच. उचलला आणि म्हटलं – ‘बोला, ऐकतेय.’

माझी चूक एवढीच! ठरवून नाही केली गं. तुला माहितीये मी आवाज दोन वर्षं घासला. घशातून वर कसा न्यायचा, वाक्य कुठे सोडायचं, सगळं. पण शिकवणी लावायला पैसे कुठून आणू, मग समोर जो बाईचा आवाज होता तोच उचलला. घरात एकच होता. ती पलीकडे भाजी चिरताना बोलायची, मी मोरीत नळ सोडून तिच्यामागून तेच पुटपुटायचे. लोक म्हणतात, किती गोड बोलतेस – अगं, तो माझा नाहीच, तो बोर्डावरचा आवाज आहे!

पलीकडून एक बाई म्हणते, ‘ताई! अजून तस्साच आवाज!’ म्हणते, ‘ओळखलंत का? शेवटची तीन वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर होते. आता पेन्शन विभागात आहे. हयातीच्या दाखल्याचे फोन करतोय, पासष्टच्या पुढच्यांना ऑफिसात बोलवत नाही आता, फोनवरच घेतो. रेकॉर्ड होतंय हं, तीनच प्रश्न.’

मी तेव्हाच सांगायला हवं होतं ना? हवंच होतं. तोंड उघडलं पण होतं. पण ती बाई इतकी खूश झालेली, आणि म्हातारा समोर एका काडीने माझ्याकडे बघतोय, आणि मी – उत्तरं देत गेले. पूर्ण नाव. रिटायर झाल्याची तारीख. बोर्डाचा आतला नंबर, तो तर मला झोपेत विचार, सुट्टीभर त्या बोर्डाखाली बसून मी वायरींच्या वेण्या घातल्यात. ‘झालं ताई, तुमची हयात अजून एक वर्ष,’ म्हणाली, हसली. आणि मी पण हसले. आईचं हसू – शेवटी श्वास आत घेत हसायची ना ती. तुला माहीत नाही, तू कुठे ऐकलंस. मी ते हसू कधी घासलं नव्हतं. आपोआप आलं.

मला वाटलं सुटले. तर म्हणते, ‘एक मिनिट ताई, तुमचा एक अर्ज पडून आहे इथे. दीड वर्षापूर्वीचा.’

कसला अर्ज? मला कुठे माहीत!

म्हणते, ‘कुटुंबाच्या यादीतला बदल. मुलगा पंचविशीनंतर बाद झाला होता ना तुमचा, त्या जागी तुम्ही अविवाहित मुलगी लिहून दिलंय. मुलीला लग्नापर्यंत सवलत असते, बरोबर आहे तुमचं. फोटोही जोडलाय. पण ताई, अहो, नावाचा रकाना कोराच सोडलात!’

अगं, तो फोटो. कुठला फोटो? मी तिला एकही दिला नव्हता. मग आठवलं – आपण दोघींनी काढलेला, तुझ्या पार्लरच्या उद्घाटनाला, मी आरशाला लावून ठेवलेला, तो हरवला होता. मी तुला म्हटलं होतं बघ, वाऱ्याने उडाला असेल. तिने कापला असेल गं तो. तुला कापून मला चिकटवली.

आता तू म्हणशील, कळत होतं तिला, मानत होती तुला. मला पण आधी तेच वाटलं, दोन सेकंद. मग वाटलं, हिशोबी बाई, नियमांचं पुस्तक वाचलं असेल, मुलगा लिहिला तर काही मिळत नाही, मुलगी लिहिली तर मिळतं, फुकटचं सोडायची नाही कधी. मग वाटलं, एवढी हिशोबी तर नाव का नाही लिहिलं? नावाशिवाय अर्ज चालत नाही हे तिला कळत नव्हतं? मग विचारायचं होतं ना मला! तीन पावलांवर माझी खाट. ‘ए, नाव काय?’ – एवढंच विचारायचं होतं! ती जाईपर्यंत वर्षभर तो कागद तिकडे पडून आणि आम्ही इकडे पंख्यावर बोलतोय. आणि मी तरी कुठे सांगितलं? तुला सांगितलं, मालकाला, दवाखान्याच्या खिडकीवर सांगितलं, त्या विमेवाल्याला सुद्धा सांगितलं. घरी नाही सांगितलं.

‘सांगताय ना ताई?’ ती म्हणते. ‘तुमच्या तोंडून आलं की पुरे, मी भरून टाकते. महिन्याभरात मुलीचं कार्ड घरी.’

सांगितलं मी. सांगितलं! काय करणार होते? माझं कार्ड, माझ्या नावाचं, रक्त तपासा, डॉक्टर, सगळं. आणि नाही सांगितलं तर तो कागद कायमचा कोरा. मी माझं नाव उच्चारलं. तिच्या आवाजात. मी तिच्या तोंडून माझं नाव ऐकलं गं, पहिल्यांदा, आणि तेव्हाच तो स्क्रू हातातून गेला.

हो, मिळणार कार्ड. हो, चांगलंच झालं – थांब, एवढंच नाही. तसली खुशी दाखवू नकोस. आता ती वर्षभर मरू शकत नाही, कळतंय का तुला? मावशीने तर तिला जाताना बघितलंय, तिला काय सांगू, कपाटातल्या दाखल्याचं काय करू? पुढच्या वर्षी याच वेळी फोन करते म्हणालीये ती, ‘तोवर गप्पा मारायला या ताई,’ म्हणालीये. आणि मघाशी दुकानातून निघताना मी म्हाताऱ्याला म्हटलं, ‘बसा हं, आलेच’ – आणि मला कळेना, हे कोण बोललं. आत्तासुद्धा. तुला कोणाचा येतोय हा आवाज? नाही, खरं सांग.

तुझं गिऱ्हाईक आलंय, बघ, घंटा वाजली. थांबू दे दोन मिनिटं. शेवटचं राहिलंय, ते सांगते आणि जाते.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, टाइप करता करता, अगदी सहज – ‘किती छान नाव आहे हो, ताई. तुम्हीच ठेवलंत?’

ते मी तुझ्याच दुकानात ठेवलं होतं, त्या खुर्चीत बसून, तोंडाला दोरा लावलेला असताना, आठवतं? तू चार सांगितलीस, मी पाचवं घेतलं. आणि ती पलीकडे थांबलीये, रेकॉर्ड चालू आहे, सात वर्षं जपून ठेवतात म्हणे ते. माझ्या घशात आई. मी म्हटलं, ‘हो. मीच ठेवलं.’

अशी बघू नकोस ना. तू काय केलं असतंस?